हजेरीपटाबाहेरचे घर

मुंबईच्या जी वॉर्डाच्या इतिहासात १९२५ हे वर्ष दोन कारणांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी माहीमच्या समुद्रालगतची सुमारे २८ एकरांची मोकळी जमीन नगरपालिकेने 'माहीम पार्क' या नावाने लोकांस खुली केली. आणि त्याच वर्षी परळ, नायगाव, माटुंगा यांचा एफ वॉर्ड आणि वरळी, दादर, माहीम यांचा जी वॉर्ड, अशा दोन वॉर्डांत, १९२० च्या मुंबई शहर प्राथमिक शिक्षण कायद्याच्या आधारे, प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्यात आले. पहिल्या गोष्टीची आठवण मैदानावर फेरी मारणाऱ्या कोणासही असते. दुसरीची फारशी कोणाला नाही. वस्तुतः इथल्या कुटुंबजीवनावर दुसरीचाच परिणाम अधिक खोल झाला, कारण मुलाने कोठे आणि काय शिकावे हा प्रश्न तोवर घरातल्या वडीलधाऱ्यांच्या अखत्यारीतला होता, तो आता सरकारदरबारी रुजू झाला. आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या जे शिकविले जात असे त्याची गणना शिक्षणात होण्याचे थांबून, ते संस्कारांच्या किंवा फार तर गृहपाठाच्या खात्यात जमा होऊ लागले.

अलीकडे मुंबईतली काही सुशिक्षित कुटुंबे मुलांना शाळेत न घालता, किंवा घातलेल्या मुलांचे नाव काढून घेऊन, घरीच शिकवितात. त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना हे अमेरिकेतून आलेले खूळ वाटते. अमेरिकेत जॉन होल्ट यांनी १९७७ साली शाळेवाचून वाढणाऱ्या मुलांसाठी एक पत्रिका काढली आणि त्या देशात या विचारास बळ आले, हे खरे. परंतु मुलाला घरी शिकविणे ही आपल्याकडची जुनी वहिवाट होय, आणि मुंबईपुरते बोलायचे तर ज्यांनी या शहरात शाळा उघडल्या, शाळांना जागा दिल्या, शाळांसाठी वाद घातले, त्यांतले कित्येक स्वतः शाळेच्या बाकावर कधी बसलेलेच नव्हते. नवे जे आहे ते निराळेच आहे. त्याकडे यथाक्रम येऊ.

माहीम पार्काचे शिवाजी पार्क झाले ते १९२७ साली, छत्रपतींच्या जन्मास तीनशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने, आणि त्यासाठी आग्रह धरला तो नगरपालिकेच्या सभासद अवंतिकाबाई गोखले यांनी. १९२३ साली ज्या मोजक्या स्त्रिया मुंबईच्या नगरपालिकेत प्रथम आल्या त्यांत त्या होत्या. १८८२ साली इंदुरास जन्मलेल्या या मुलीला माहेरी शाळेचे तोंड पाहावयास मिळाले नाही. नवव्या वर्षी लग्न होऊन ती मुंबईच्या गोखल्यांच्या घरी आली, आणि लिहिणे-वाचणे, पुढे इंग्रजी, हे सारे तिने पती बबनराव यांच्या आग्रहाने घरातच आत्मसात केले. पुढे त्यांनी शुश्रूषेचे शिक्षण घेतले, १९१३ साली इचलकरंजीच्या राणीसाहेबांसमवेत विलायतेचा प्रवास केला, १९१८ साली गिरगावात हिंद महिला समाज काढला आणि त्याच वर्षी गांधींचे मराठी चरित्र प्रसिद्ध केले, ज्यास टिळकांची प्रस्तावना होती. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलका प्रसंग १९१७ सालचा आहे. चंपारण्यात गांधींनी खेड्यांतून शाळा उघडण्याचे ठरविले तेव्हा मुंबईहून गोखले पतिपत्नी तेथे गेली. बाईंना हिंदी यथातथाच येई, मग मुलांना शिकवावयाचे कसे, ही अडचण उभी राहिली. त्यावर गांधींनी असे सांगितले की, व्याकरण आणि लिहिणे-वाचणे यांपेक्षा मुलांना स्वच्छता आणि चांगली वागणूक शिकविणे हेच मुख्य काम आहे. आत्मचरित्रात त्यांनी अवंतिकाबाईंची शाळा नमुनेदार झाल्याची नोंद केली आहे. घरात घरकाम करता करता शिकलेल्या बाईला घरासारखी शाळा चालविता आली, यात नवल वाटण्याजोगे काही नाही. ज्यांना शाळेची सवय अधिक होती त्यांना ती कदाचित इतकी साधली नसती.

शंभर वर्षे मागे गेले तरी चित्र फार निराळे दिसत नाही. जगन्नाथ शंकरशेट १८०३ साली जन्मले तेव्हा मुंबईत हिंदी मुलांसाठी आधुनिक अर्थाची शाळाच नव्हती. सधन वडिलांनी घरी शिक्षक ठेवून त्यांना संस्कृत आणि इंग्रजी शिकविले, आणि हाच घरी शिकलेला गृहस्थ पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीचा आधारस्तंभ झाला, एल्फिन्स्टनच्या विद्यालयासाठी झटला, आणि १८४९ च्या सुमारास विद्यार्थ्यांच्या सभेने मुलींच्या शाळा काढल्या तेव्हा गिरगावच्या आपल्या वाड्यात त्याने त्यांना जागा दिली. बाळशास्त्री जांभेकर कोकणातल्या पोंभुर्ल्याहून मुंबईस आले ते वडील गंगाधरशास्त्री यांच्यापाशी झालेल्या अध्ययनाची शिदोरी घेऊन. १८३२ साली त्यांनी 'दर्पण' काढले आणि लवकरच ते एल्फिन्स्टनमध्ये शिकवूही लागले. या मंडळींना शाळेचे महत्त्व इतके पटले होते याचे एक कारण असे असावे की, आपल्याला जे मिळाले ते घर सुस्थितीत होते म्हणून, वा वडील शास्त्री होते म्हणून मिळाले, आणि ज्याला तसे घर नाही त्याची वाट बंद आहे, हे त्यांना आतून ठाऊक होते. घरच्या शिक्षणाची खरी मर्यादा घरी शिकलेल्यांनाच आधी दिसली.

मध्यमवर्गीय घराचे हे शिक्षण चाले कसे, ते पाहण्याजोगे आहे. गावच्या पंतोजीकडे किंवा घरी, लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरून बोटाने वा काडीने धुळाक्षरे गिरवावयाची. हात बसला की बाळबोध, आणि बाळबोध बसली की मोडीचे वळण. हे सकाळचे काम. संध्याकाळी देवापाशी दिवा लागला की मुलांनी हातपाय धुऊन ओळीने बसावयाचे आणि शुभंकरोती, रामरक्षा, भीमरूपी म्हणून मग परवचा म्हणावयाचा: बारा महिने, सहा ऋतू, सत्तावीस नक्षत्रे, साठ संवत्सरांची नावे, तीसपर्यंतचे पाढे, आणि त्यानंतर ज्यांची नावेही आज विसरली गेली आहेत ते अपूर्णांकांचे पाढे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. गिरगावच्या चाळींत खोल्यांची दारे एकाच गॅलरीत उघडत असल्यामुळे एका बिऱ्हाडाचा परवचा शेजारच्या तीन बिऱ्हाडांच्या कानी पडे, आणि पाढ्यात कोणाचा मुलगा अडखळला हे सबंध मजल्याला कळे. ही एक प्रकारची जाहीर परीक्षाच होती, आणि तिचा निकाल विहिरीवर किंवा नळावर दुसऱ्या दिवशी सकाळी लागत असे.

हे सारे निव्वळ घोकंपट्टी म्हणून उडवून लावण्याची आपल्याला खोड लागली आहे. परंतु औटकी पाठ करण्यात एक रोखठोक व्यवहार होता. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर, शेराचे सोळा छटाक, अशा हिशेबाच्या जगात तीन आणे शेराने साडेतीन शेर जिन्नस घेतला तर साडेदहा आणे झाले, सव्वा रुपया रोजाने सात दिवसांची मजुरी पावणेनऊ रुपये झाली, हे पेन्सिल हाती न घेता सांगावे लागे, आणि ज्या घरचा मुलगा पुढे कोणा पेढीवर अथवा कचेरीत कारकून व्हावयाचा, त्या घराला तो परवचा पोटाशी निगडित वाटे. शिकविणारी आजी बहुधा अक्षरशत्रू असे. तिने हे पाढे लहानपणी भावांच्या तोंडून ऐकून पाठ केलेले असत. पुस्तक वाचता न येणारी स्त्री नातवाची सवायकी चुकली तर जात्यावरून न उठता दुरुस्त करी, ही गोष्ट त्या पिढीच्या अनेक आठवणींतून भेटते. तिला मात्र कोणी विचारले नाही की, तुला वाचायला शिकावेसे वाटते काय?

ज्यांना ते विचारले गेले, त्यांच्या शिक्षणाची हकिकत सुखाची होती असे नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७३ साली लग्न झालेल्या अकरा वर्षांच्या रमाबाईंना स्वतः शिकविण्यास घेतले, तेव्हा घरातल्या वडील स्त्रियांनी त्या मुलीस जो जाच दिला त्याचे वर्णन तिने पुढे आपल्या आठवणींत संयमाने केले आहे. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, त्या गोपाळरावांच्या घरच्या शिकवणीचे फळ होत्या. त्या शिकवणीतला हट्ट आणि कठोरपणा वाचताना आजच्या वाचकाच्या अंगावर काटा येतो. नवरा हाच गुरू असला की विद्यार्थिनीला वर्ग सोडून जाण्याची सोय नसते. यास सुखद अपवाद पंडिता रमाबाईंचा: अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले, गंगामूळच्या अरण्यात बिऱ्हाड केले, आणि तेथे १८५८ साली जन्मलेल्या कन्येला पुढे तिच्या आईनेच पाठ दिले. आईकडून मुलीकडे अशी विद्या चाललेली त्या काळात क्वचितच सापडते. हीच कन्या ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीवर विधवांसाठी शारदा सदन उघडते. घरी शिकलेल्या माणसाने दुसऱ्यांसाठी शाळा उघडावी, हा क्रम येथेही चुकत नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. १८७८ साली विलायतेस जाण्यापूर्वी इंग्रजी बोलण्याचा सराव व्हावा म्हणून सतरा वर्षांचे रवींद्रनाथ ठाकूर मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खड यांच्या घरी दोनएक महिने राहिले, आणि त्यांची शिकवणी घेतली ती विलायत पाहून आलेल्या अन्नपूर्णा या डॉक्टरसाहेबांच्या कन्येने. कलकत्त्यातही ते बहुतांशी घरीच शिकलेले; शाळेशी त्यांचे कधी जमले नाही. तेव्हा शांतिनिकेतनाच्या कल्पनेत मुंबईच्या एका मराठी घराचाही अंश असेल, असे मानण्याचा मोह होतो, पण मोहास बळी पडण्याचे कारण नाही.

आतापर्यंत आलेली बहुतेक घरे पोथ्यांची, सावकारांची किंवा सरकारी नोकरांची होती. घरच्या शिक्षणाची सर्वांत कडक आणि सर्वांत फलद्रूप कथा मात्र परळच्या एका चाळीतल्या एका खोलीत घडली. सुभेदार रामजी सकपाळ लष्करातल्या शाळेत मुख्याध्यापक होते. सेवानिवृत्तीनंतर, आपल्या मुलांच्या शिक्षणाचे भले व्हावे म्हणून, विसाव्या शतकाच्या आरंभी ते कुटुंबासह मुंबईस येऊन डबक चाळीत राहिले. खोली एक, तीतच चूल, तीतच जाते, सामानसुमान आणि निजणे. धाकट्या भीमरावाने रात्री लवकर झोपावे, वडिलांनी दोन वाजेपर्यंत जागे राहून त्यास उठवावे, आणि मुलगा दिव्यापाशी अभ्यासास बसला की मग आपण त्याच्या जागी आडवे व्हावे, असा त्या घराचा शिरस्ता होता. इंग्रजी पक्के व्हावे म्हणून सुभेदारांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे भाग त्याच्याकडून मुखोद्गत करून घेतले. मुलगा एखाद्या पुस्तकासाठी हटून बसला आणि हाती पैसा नसला, तर ते लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन रुपये उसने आणीत, आणि रुपये नसले तर त्यांचा एखादा दागिना गहाण टाकून पुस्तक घेऊन येत. कबीरपंथी घर, संध्याकाळी अभंग, दोहे, रामायण-महाभारताचे वाचन यांत खंड पडत नसे.

या घराच्या कडकपणामागे काय होते ते एल्फिन्स्टन हायस्कुलात उघड झाले. तेथे या मुलास संस्कृत घेऊ दिले नाही. फारसी घ्यावी लागली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला. चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी वाचीत बसणाऱ्या या मुलाला विल्सन हायस्कुलातले शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी हेरले, स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले, आणि पुढे शिष्यवृत्तीसाठी खटपट केली, हे सर्वश्रुत आहे. शाळेने दार लोटले तेथे घर, बाग आणि एक सहृदय गृहस्थ उभे राहिले. त्याच विद्यार्थ्याने पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले ते प्रामुख्याने ग्रंथ ठेवण्यासाठी, आणि घटनेच्या मसुद्यात चौदा वर्षांखालील मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचे कलम आले तेव्हा मसुदा समितीचे अध्यक्षही तेच होते. घरात शिकवून एक आंबेडकर होतो म्हणून शाळेची सक्ती अनावश्यक ठरत नाही. सुभेदार रामजींसारखा बाप किती खोल्यांत होता हे परळच्या चाळी जाणतात.

म्हणूनच १९२५ ची सक्ती प्रथम एफ आणि जी वॉर्डांतच आली, हे नैसर्गिक होते. खोली दहा बाय दहाची, तीत दोन-दोन कुटुंबे आणि वर गाळ्यावर जेवणारे गाववाले. आई गिरणीत किंवा घरी खाणावळ चालविण्यात गुंतलेली. मूल शिकणार कोणापाशी? मूल गिरणीच्या दारात बापाचा डबा घेऊन उभे राहण्याऐवजी शाळेत बसावे म्हणून कायद्यात पालकाला दंडाची तरतूद करावी लागली. लालबाग-परळच्या मुलांना घरी जे मिळाले नाही ते त्यांनी शाळेबाहेरही पुष्कळसे मिळविले: रात्रशाळांतून, व्यायामशाळांतून, गणेशोत्सवातल्या मेळ्यांतून, भजनी मंडळांतून, आणि पुढे कामगार चळवळीच्या सभांतून. त्याला कोणी गृहशिक्षण म्हणणार नाही, कारण घर तेवढे मोठे नव्हते. पण गल्ली हेच घर मानणाऱ्या वस्तीत या दोहोंतला भेद फार ताणता येत नाही.

शिवाजी पार्कच्या भोवती १९३० नंतर तीन-तीन, चार-चार मजली इमारती उठू लागल्या आणि गिरगावातला मराठी मध्यमवर्ग उत्तरेस सरकू लागला. चाळ जाऊन ब्लॉक आला. गॅलरी जाऊन बाल्कनी आली. स्वतंत्र दार, स्वतंत्र संडास, समुद्राचा वारा, ही सुखे मिळाली, आणि परवच्याचा सार्वजनिकपणा त्याबरोबर संपला. आता शेजारच्या मुलाची दिडकी ऐकू येईना. मूल एकटे टेबलापाशी बसू लागले. याच सुमारास या परिसरात अशा शाळा निघाल्या ज्यांनी घराचेच काही गुण वर्गात आणण्याचे मनावर घेतले. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केले. मुलाला मारावयाचे नाही, बक्षीस द्यावयाचे नाही, त्याच्या हाताला काम आणि डोळ्यांना वस्तू द्यावयाच्या, हे त्यांचे म्हणणे त्या काळच्या पालकांना नवे होते, आणि मराठी 'शिक्षणपत्रिके'तून त्या ते आयांपर्यंत पोहोचवीत राहिल्या. ताराबाईंच्या कामाचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी शाळा काढल्या, तरी त्यांचे अर्धे लेखन घराला उद्देशून होते: मूल भाजी निवडू लागले तर निवडू द्या, सांडले तर पुसू द्या, प्रश्न विचारले तर उत्तर द्या. पुढे बोर्डी आणि कोसबाडला त्यांनी व अनुताई वाघ यांनी अंगणवाडी आणि कुरणशाळा उभारल्या, म्हणजे शाळाच मुलाच्या अंगणात आणि गुरांच्या कुरणात नेली. शहरातल्या पालकाने घर शाळेकडे नेण्यात जी वर्षे घालविली, त्याच वर्षांत या दोघी उलट्या वाटेने चालल्या होत्या. ३ जून १९४० रोजी दादासाहेब रेगे यांनी शिवाजी पार्कला बालमोहन विद्यामंदिर सुरू केले, आणि लवकरच असे झाले की, या भागात मूल वाढविणे म्हणजे कोणत्या शाळेत नाव घालावयाचे हे ठरविणे होय, असे समीकरणच बनून गेले.

घरच्या परवच्यावर शेवटचा घाव मात्र शाळेने घातला नाही. तो घातला टाकसाळीने. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पाठोपाठ शेर जाऊन किलो आला, आणि दशमान पद्धतीत पावकी-औटकीचे काम उरले नाही. आजोबा म्हणत राहिले, नातवंडे ऐकत राहिली, पण जो पाढा दुकानात उपयोगी पडत नाही तो कितीही पवित्र असला तरी टिकत नाही. मोडीचेही तसेच झाले. संध्याकाळच्या त्या घटकेत रिकामी झालेली जागा गृहपाठाने घेतली. आई शिकलेली होती, पदवीधर होती, आणि तिने मुलाला पुन्हा पाटीपाशी बसविले. पण आता शिकवावयाचे काय ते शाळेने ठरवून पाठविलेले असे. त्या पिढीच्या आईच्या वाट्याला गुरुपण आले नाही, अडत्याचे काम आले. आठवीनंतर तेही दादर स्टेशनालगतच्या गल्ल्यांतल्या शिकवणीवर्गांकडे मक्त्याने गेले.

मैदानाने मात्र शाळेला कधी पूर्णपणे मान दिला नाही. समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब शिकणारी, किंवा रमाकांत आचरेकरांच्या नेट्समध्ये दिवसभर चेंडू खेळणारी मुले अशा एका शिक्षणात होती ज्याचे वेळापत्रक शाळेच्या तासांशी जुळत नसे, आणि कुटुंबे ते मुकाट्याने मान्य करीत. सचिन तेंडुलकरला वांद्र्याहून शारदाश्रमात घालून शिवाजी पार्कजवळ काका-काकूंच्या घरी राहावयास पाठविले, ते मैदान जवळ पडावे म्हणून. शाळा मुलाच्या सोयीने बदलता येते, घरही बदलता येते, हा विचार त्या घरात १९८० च्या दशकात होता; शेजाऱ्यांना तो विचित्र वाटला नाही, कारण तो क्रिकेटसाठी होता. गणितासाठी किंवा चित्रांसाठी कोणी असे केले असते तर काय म्हटले गेले असते, ते सांगावयास नको.

आता आज जी कुटुंबे मुलांना घरी शिकवितात त्यांच्यापाशी येऊ. त्यांच्या घरातला दिवस बाहेरून पाहणाऱ्यास शिथिल वाटतो. सकाळी मूल स्वयंपाकघरात पीठ मोजते आणि त्यातच अपूर्णांक येतात. दादरच्या मंडईत पैशांची मोड त्याच्याकडून करविली जाते. बेस्टच्या बसने राणीच्या बागेत किंवा वस्तुसंग्रहालयात जाणे हा भूगोल-इतिहासाचा तास. दुपारी वाचन, एखाद्या गोष्टीचा छंद लागला तर आठवडाभर तेच. संध्याकाळी इतर मुले शाळेतून सुटली की मैदान. काही घरे पाठ्यपुस्तके ठेवतात, काही ठेवीत नाहीत. काही घरांत वेळापत्रक भिंतीवर असते, काहींत मुलाच्या कलाने चालते. मंडईतला हिशेब आणि पिठाचे माप पाहिले की औटकी म्हणणाऱ्या आजीची आठवण होणे साहजिक आहे, पण साम्य तेथेच संपते. त्या आजीच्या घरी शाळा नव्हती किंवा अपुरी होती म्हणून शिकविणे चाले. आजचे घर शाळा दारात असून, पैसे असून, ती नाकारते. आणि शाळेबरोबर दाखला नाकारण्याची जोखीम पत्करते. माझ्या मते खरे नावीन्य एवढेच, आणि ते लहान नाही.

या जोखमीची कायदेशीर कैफियत मोठी मौजेची आहे. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्यात आपल्या पाल्यास शेजारच्या शाळेत घालणे हे प्रत्येक पालकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. परंतु ते न पाळणाऱ्या पालकास शिक्षा सांगितलेली नाही, आणि घरी शिकविण्याचा उल्लेखच नाही, ना परवानगीचा ना मनाईचा. जुन्या कायद्याने गिरणी कामगाराला दंडाचा धाक घातला; नव्याने सुस्थितीतल्या पालकाला नुसती समज दिली आहे. परीक्षेचा मार्ग मात्र उघडा राहिला. १९८९ साली स्वायत्त झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी-बारावी घरी अभ्यास करून देता येते. आपल्या राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसण्याची सोय तर त्याहून जुन्या पिढीच्याही ओळखीची, आणि ती मुळात ज्यांची शाळा परिस्थितीमुळे सुटली त्यांच्यासाठी. एकाच फॉर्मवर आज नोकरी करणारा तरुण, लग्नामुळे शाळा सोडलेली स्त्री आणि स्वेच्छेने शाळा सोडलेल्या घरचा मुलगा, असे तिघे अर्जदार शेजारी शेजारी येतात.

दादरच्या एका शाळेत शिकणाऱ्या मुलीला सातवीच्या सुमारास तिच्या आईने घरी आणले, स्वतःची नोकरी सोडली आणि घरातच तिच्यासाठी अभ्यासाची व्यवस्था लावली. मुलगी संगणकाच्या आज्ञावली लिहिण्यात रमली. आंतरराष्ट्रीय माहितीशास्त्र ऑलिंपियाडमध्ये तिने भारतासाठी दोन रौप्यपदके आणि एक कांस्यपदक मिळविले. चेन्नईच्या गणित संस्थेने तिला तिची योग्यता पाहून शिकावयास घेतले. बारावीचे प्रमाणपत्र नसल्यामुळे आपल्या आयआयटीचे दार तिला बंद होते. २०१६ साली अमेरिकेच्या एमआयटीने तिला प्रवेश दिला. या हकिकतीचा डंका पुष्कळ वाजला आणि प्रत्येकाने तीतून आपल्याला हवा तो निष्कर्ष काढला. मला तीत पदकांपेक्षा आईने सोडलेली नोकरी अधिक लक्षणीय वाटते. रानड्यांच्या काळी घरच्या शिक्षणाची किंमत शिकणाऱ्या मुलीने मोजली. आज ती बहुधा शिकविणारी आई मोजते, आणि ज्या घरात दोघांच्या मिळकतीवाचून शिवाजी पार्कचे, किंवा आता शिवाजी पार्क सोडून डोंबिवलीचे, घरभाडे भागत नाही, त्या घरापुढे हा पर्याय येतच नाही.

२०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे सर्व शाळा बंद पडल्या आणि घरोघर पडद्यावर वर्ग भरू लागले, तेव्हा पुष्कळांनी म्हटले की आता सारेच घरी शिकू लागले. तसे ते नव्हते. तो शाळेचा हजेरीपट होता, फक्त घरात उघडलेला. त्या दिवसांत ज्या घरांत मुले आजीजवळ बसून लोणची घालायला शिकली, किंवा आजोबांकडून मोडीचे वळण गिरवू लागली, त्यांचे शिक्षण निराळे होते, आणि शाळा उघडताच ते संपले. जी घरे आधीपासून हजेरीपटाबाहेर होती त्यांच्या दिनक्रमात मैदान बंद झाले एवढाच काय तो फरक पडला. त्यांतली काही मुले एव्हाना सोळा-सतरा वर्षांची झाली आहेत, मुक्त विद्यालयाची दहावी देऊन अकरावीत येऊ लागली आहेत, आणि महाविद्यालयाच्या कारकुनाला शाळा सोडल्याच्या दाखल्याऐवजी दुसरे कोणते कागद चालतील ते आया रांगेत उभ्या राहून विचारून घेत आहेत.